यंत्र कोणते आणि हात कोणाचा?

हे लिहावे की लिहू नये, असे महिनाभर चालले होते. दुखणे हातापायाचे असते तर एवढा विचार केला नसता. पण आमच्या घरात आलेले दुखणे अशा जागेचे, की चारचौघांत तिचे नाव कोणी काढत नाही. शेवटी मालकच म्हणाले, "लिही तू. मी लाजलो म्हणून आठ महिने गेले. दुसऱ्याचे जायला नकोत." म्हणून लिहिते आहे.

आमचे गाव कृष्णाकाठचे. साडेतीन एकर रान, त्यात ऊस, थोडे सोयाबीन, दारात दोन म्हशी. मी नववीपर्यंत शिकलेली. डेअरीच्या दुधाचा हिशेब तेवढा माझ्या हातात. ती दुधाची वही पुढे कशी उपयोगी पडली, ते सांगायचे आहे.

२०२२ च्या दिवाळीपासून मालकांना परसाकडच्या वेळी रक्त पडू लागले. त्यांनी मला सांगितले नाही. कपडे धुताना मलाच डाग दिसला. विचारले तर म्हणाले, "मूळव्याध आहे. आमच्या तात्यांनाही होती." झाले! घरात मूळव्याधीचे उपचार सुरू झाले. सुरण खा, ताक प्या, तिखट सोडा. कोणी पुड्या दिल्या. बाजाराच्या गावी 'बिनऑपरेशन मूळव्याध' अशी पाटी लावून बसलेल्या एकाने दोन महिने इंजेक्शने टोचली. मधेच रक्त थांबायचे, आम्हाला वाटायचे उतार पडला. मग पुन्हा सुरू. पोट साफ झाल्यासारखे वाटत नाही, दिवसातून चार-पाचदा जावे लागते, हे ते सांगत. पण त्याचा अर्थ आम्हाला कळला नाही.

२०२३ ची आषाढी आली. दरवर्षी पंढरपूरपर्यंत चालत जाणारा माणूस त्या वर्षी फलटणहून परत आला. पायऱ्यांवर बसला आणि म्हणाला, "दम पुरत नाही गं." अंगातले रक्त निम्म्यावर आले होते. तालुक्याच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी कुशीवर झोपवून, हातमोजा घालून बोटाने तपासले. दोन मिनिटांचे काम. हात धुता धुता ते म्हणाले, "काकू, ही मूळव्याध नाही. आत गाठ लागते आहे." आठ महिने आम्ही हिंडलो, पण ही दोन मिनिटांची तपासणी कोणी केली नव्हती, आणि मालकांनीही ती होऊ दिली नसती.

पुढे दुर्बीण घालून तपासणी झाली, तुकडा काढून पाठवला, एमआरआय आणि सीटी स्कॅन झाले. गुदाशयाचा कॅन्सर. गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा, वीतभराहून थोडा कमी असा भाग. गाठ गुदद्वारापासून सहा सेंटिमीटर वर होती. लिव्हरमध्ये आणि छातीत काही गेलेले नव्हते, एवढे देवाने राखले.

आधी लाईट दिले. आठवड्याचे पाच दिवस, असे पाच आठवडे, आणि बरोबर किमोच्या गोळ्या. गाठ आकसावी म्हणून हे आधी करतात. त्यानंतर दोन-अडीच महिने थांबून ऑपरेशन करायचे ठरले. आणि त्या थांबण्याच्या काळात आमच्या घरात यंत्राचा वाद उभा राहिला.

माझ्या थोरल्या जावेचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. चुलत्यावर त्याचा फार जीव. तो दिवाळीला आला आणि म्हणाला, "काकू, आता रोबोटनं ऑपरेशन करतात. दुर्बिणीचं जुनं झालं. काकांचं पुण्यात रोबोटनंच करायचं." खर्चाचा अंदाज त्याने काढून आणला होता. आम्ही ज्या दवाखान्यात लाईट घेतले तिथे महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत दुर्बिणीचे ऑपरेशन बसत होते. पुण्याला जाऊन रोबोटने करायचे तर योजना नाही, सगळे पैसे पदरचे, आणि वर नुसत्या यंत्राचे म्हणून पावणेदोन लाख जास्त. सोसायटीचे कर्ज डोक्यावर, उसाला अजून तोड आलेली नाही. थोरले भाऊजी म्हणाले, "ओढ्याकाठचा वीस गुंठ्याचा तुकडा काढून टाकू. रान काय, पुन्हा घेता येईल. माणूस पुन्हा येत नाही."

मालक गप्प. तो तुकडा त्यांनी स्वतः दगड वेचून केलेला. मी गिऱ्हाईक बघायला नको म्हणाले नाही. कशी म्हणणार? बायकोनेच रान राखले आणि नवरा गमावला, असे उद्या गाव म्हणाले असते. पण मनात एकच होते, की ज्याच्यासाठी रान विकायचे ते आहे तरी काय, हे एकदा विचारून घ्यावे.

दुधाच्या वहीच्या मागच्या पानावर मी प्रश्न लिहिले आणि थोरल्याला घेऊन सर्जनकडे गेले. मध्यम वयाचे, कमी बोलणारे. म्हणाले, "ताई, विचारा. आज मला वेळ आहे."

पहिला प्रश्न मी बावळटासारखाच विचारला, "रोबोट आपला आपण ऑपरेशन करतो का?"

ते हसले नाहीत. म्हणाले, "नाही. दोन्हीकडे माणूसच करतो. दोन्हीकडे पोटावर लहान छिद्रं पाडतात, आत कॅमेरा सोडतात. दुर्बिणीच्या ऑपरेशनात लांब, सरळ दांड्याची हत्यारं माझ्या हातात असतात. लांब दांड्याची सांडशी समजा. ती पोटाच्या कातड्यातून आत गेलेली असते, म्हणून मी हात उजवीकडे नेला की आत टोक डावीकडे जातं. सांडशीला मनगट नसतं. रोबोटमध्ये हत्यारं यंत्राच्या हातांना लावतात आणि डॉक्टर त्याच खोलीत थोडा बाजूला बसून ते हात चालवतो. तिथं हत्याराच्या टोकाला मनगट असतं, हवं तसं वळतं. हाताची थरथर आत पोचत नाही. चित्र खोलीसकट दिसतं, कॅमेरा हलत नाही. उणं एवढंच की बहुतेक यंत्रांत हाताला स्पर्श कळत नाही, सगळं डोळ्यांवर. आणि यंत्र काही कोटींचं, त्याची हत्यारंही ठरावीक वेळा वापरून टाकून द्यावी लागतात. पैसे त्याचे."

मग त्यांनी कागदावर कंबरेच्या हाडांचे चित्र काढले. "गुदाशय बसलाय या हाडांच्या कड्यात. बाईची जागा रुंद, पुरुषाची अरुंद आणि खोल. घागरीच्या तळाला चिकटलेलं सांडशीनं काढायचं म्हटल्यावर कसं होईल? म्हणून इथं मनगटाचा उपयोग होतो."

"पण नुसती गाठ काढून भागत नाही," ते पुढे म्हणाले. "गुदाशयाभोवती चरबीचं एक वेष्टण असतं, त्यात रसग्रंथी असतात. ते न फाटता अखंड बाहेर यायला हवं. तुम्ही रोप उपटता तेव्हा मुळाभोवतीचा मातीचा गोळा न फुटता येतो ना, तसं. बिल हील्ड नावाच्या इंग्रज सर्जननं १९८२ साली हे मांडलं, आणि तेव्हापासून या कॅन्सरचं त्याच जागी उलटणं पुष्कळ कमी झालं. तेव्हा रोबोट नव्हता, दुर्बीणही नव्हती. पोट उघडून करत होते. तो गोळा अखंड काढणं हे खरं काम. बाकी सगळी हत्यारं."

माझा दुसरा प्रश्न, "मग दोन्हींत चांगलं कोणतं?"

त्यांनी सरळ उत्तर दिले. मी वहीत लिहून घेतले, तेच इथे देते. २०१७ साली एका मोठ्या चाचणीचे निकाल आले. दहा देशांतले ४७१ रोगी, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटलेले, निम्मे दुर्बिणीचे, निम्मे रोबोटचे. मधेच अडचण येऊन पोट उघडावे लागले असे दुर्बिणीत शंभरात बारा आणि रोबोटमध्ये आठ. हा फरक एवढा लहान की तो नुसता योगायोगही असू शकतो, असे त्यांनीच ठरवले. बाकी गोष्टींत मोठा फरक नाही. खर्च मात्र रोबोटचा एका रोग्यामागे हजार पौंडाच्या आसपास जास्त, तोही यंत्राची किंमत न धरता.

मग २०२२ मध्ये चीनमधल्या अकरा दवाखान्यांतून बाराशेच्या आसपास रोग्यांचे निकाल आले. हे सगळे गुदाशयाच्या मधल्या आणि खालच्या भागातले, म्हणजे अवघड जागेचे. तिथे ऑपरेशननंतरच्या महिन्यात त्रास झाला तो दुर्बिणीत शंभरात तेवीस जणांना, रोबोटमध्ये सोळा जणांना. काढलेल्या भागाच्या कडेपर्यंत कॅन्सर पोचलेला आढळला तो दुर्बिणीत सात, रोबोटमध्ये चार. "म्हणजे खालच्या गाठीला रोबोट थोडा सरस दिसतो," ते म्हणाले. "पण कॅन्सर पुन्हा उलटतो का, याचे तीन वर्षांचे आकडे अजून यायचे आहेत. आणि एक ध्यानात ठेवा. ती ऑपरेशनं करणारे रोबोटवर मुरलेले हात होते."

मी विचारले, "डॉक्टरसाहेब, तुमच्याकडे रोबोट नाही. मग तुम्ही रोबोट नको असंच सांगणार, असं आमच्या पुतण्याचं म्हणणं." थोरल्याने माझा पदर ओढला. पण बोलून गेले ते गेले.

ते म्हणाले, "बरोबर विचारलंत. मी दुर्बिणीनं गुदाशयाची दोनशेच्या वर केली आहेत. जिथं जायचं म्हणता त्यांना एवढंच विचारा, रोबोटवर गुदाशयाची किती केली? पित्ताशयाची नव्हे, गुदाशयाची. ते शंभराच्या पुढं सांगतील आणि तुम्हाला परवडत असेल, तर खुशाल जा. मी कागद देतो. तुमच्या मालकांची गाठ अजून खाली असती किंवा अंगानं ते जाड असते, तर मीच तुम्हाला तिकडं पाठवलं असतं. पण ते हडकुळे आहेत आणि लाईटनं गाठ बरीच आकसली आहे."

एक प्रश्न मला मोठ्याने विचारवेना. थोरल्याला बाहेरून पाणी आणायला पाठवले आणि विचारला. लघवीच्या आणि नवराबायकोच्या संबंधाच्या शिरा त्याच जागेतून जातात. त्या दुखावल्या तर लघवी तुंबते, पुरुषपणावर परिणाम होतो. यंत्र कोणतेही असो, धोका राहतोच. रोबोटमध्ये तो काहीसा कमी असावा असे दिसते, पण शून्य कुठेच नाही. हे त्यांनी संकोच न करता सांगितले आणि मालकांनाही वेगळे बसवून समजावले. बायांनो, हा प्रश्न ऑपरेशनच्या आधीच विचारायचा असतो.

घरी येऊन पुतण्याला फोन केला. रागावला नाही पोरगा. दुसऱ्या दिवशी रजा काढून पुण्याच्या डॉक्टरांना भेटला आणि विचारले. तेही सरळ माणूस निघाले. म्हणाले, "यंत्र येऊन सहा महिने झालेत. गुदाशयाची माझी मोजकीच झाली आहेत. दुर्बिणीनं मात्र पुष्कळ." म्हणजे नवे यंत्र आणि नवशिका हात, यासाठी आम्ही ओढ्याकाठचा तुकडा विकणार होतो! रात्री भाऊजी, मालक, मी आणि पोरे बसलो. मालक म्हणाले, "पेरणीला नवा ट्रॅक्टर आणि नवा ड्रायव्हर सांगतोस का जुन्या औताचा मुरलेला गडी?" भाऊजी हसले. ठरले. डिसेंबरात दुर्बिणीनेच करायचे.

ऑपरेशन पाच तास चालले. पोट उघडावे लागले नाही. गुदद्वार राखता आले. आतड्याचा जोड भरेपर्यंत पोटावर पिशवी काढली, ती तात्पुरती. पहिले दहा दिवस मालकांनी त्या पिशवीकडे पाहिले नाही. नर्सबाईंनी मला शिकवले. कडेचे कातडे कोमट पाण्याने पुसून कोरडे करायचे, माप बघून भोक कापायचे, पिशवी तिसरा हिस्सा भरली की ओतायची. म्हशीचे शेण काढणाऱ्या बाईला घाण कसली? पण माणसाच्या मनाला लागते. चुलत घरातल्या लग्नाला ते गेले नाहीत. आवाज येईल, वास येईल, या भीतीने. चार महिन्यांनी ती पिशवी बंद केली. नंतर सुरुवातीला दिवसातून सात-आठ वेळा परसाकडे, रात्रीचीही घाई. आता तीन-चारवर आले आहे. गुदाशयच काढल्यावर साठवणीची जागा कमी होते, हे डॉक्टरांनी आधी सांगून ठेवले होते, म्हणून आम्ही घाबरलो नाही. काढलेल्या भागाचा रिपोर्ट चांगला आला. वेष्टण अखंड, कडा स्वच्छ, ग्रंथी स्वच्छ. लघवीची नळी काढायला मात्र तीन आठवडे लागले.

इथे गोष्ट संपली असती तर बरे झाले असते. पण २०२५ च्या पावसाळ्यात तपासणीला गेलो तेव्हा मी सहज विचारले, "डॉक्टरसाहेब, ते तीन वर्षांचे आकडे आले का हो?" त्यांना नवल वाटले. म्हणाले, "आले, ताई." त्याच चिनी चाचणीचे. तीन वर्षांत कॅन्सर त्याच जागी उलटला तो दुर्बिणीत शंभरात चार जणांना, रोबोटमध्ये दोघांपेक्षाही कमी जणांना, नेमके १.६. तीन वर्षे रोगावाचून राहिले ते दुर्बिणीत ८३, रोबोटमध्ये ८७. नुसते हयात किती, हे पाहिले तर ९३ आणि ९५ च्या घरात. त्या फरकाची खात्री देता येत नाही.

मी विचारले, "मग आम्ही चुकलो का?"

ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आज तुम्ही नव्यानं आला असता, तर रोबोटवर मुरलेला माणूस जवळ असेल आणि घर बुडत नसेल तर तिकडं जा, हे मी आधीपेक्षा जोर देऊन सांगितलं असतं. पण तुमच्यापुढं तो माणूस नव्हता. तुमच्यापुढं होता तो मुरलेली दुर्बीण आणि शिकाऊ रोबोट यांतला निवाडा. तो आजही मी तसाच केला असता."

त्या रात्री मला झोप लागली नाही. शंभरातल्या त्या दोन-तीन माणसांत आपला माणूस असला तर? पहाटे उठून धार काढताना माझे मला उमगले. यंत्राच्या फरकाचा हिशेब मी बोटांवर मोजते आहे, पण दिवाळीपासून आषाढीपर्यंत घालवलेल्या आठ महिन्यांचा हिशेब कुठल्या वहीत आहे? तो तर यंत्राचा नव्हता, डॉक्टरांचा नव्हता, पैशांचाही नव्हता. तो आमच्या लाजेचा होता. गाठ लवकर सापडली असती तर लाईटसुद्धा कदाचित लागले नसते.

ज्यांच्या भागात दुर्बीणही नाही त्यांनी खचू नये. २०१५ मध्ये युरोप, कॅनडा आणि कोरिया इथल्या हजारावर रोग्यांचे निकाल आले. त्यात पोट उघडून केलेले आणि दुर्बिणीने केलेले, दोन्हींत त्याच जागी रोग उलटण्याचे प्रमाण सारखेच, शंभरात पाच होते. दुर्बिणीने माणूस लवकर उठतो, जखम लहान राहते, हा लाभ खराच. पण जीव वाचवणारा तो मातीचा अखंड गोळा तिन्ही वाटांनी निघू शकतो. रोबोटची यंत्रे आता आपल्या देशातही, गुरुग्रामला तयार होऊ लागली आहेत. पुढेमागे खर्च उतरेल आणि मुरलेले हातही वाढतील. तोवर विचारून पाऊल टाकावे.

माझ्या वहीतले प्रश्न तुमच्यासाठी लिहून देते. गाठ गुदद्वारापासून किती वर आहे आणि एमआरआयमध्ये कडा मोकळी दिसते का? आधी लाईट, किमो द्यायचे आहे का? तुम्ही याच जागेची, याच पद्धतीने किती ऑपरेशने केलीत? पिशवी काढणार का, आणि ती तात्पुरती की कायमची? लघवीवर, संबंधावर, परसाकडे जाण्यावर काय परिणाम होईल? योजनेत काय बसते आणि पदरचे किती? हा शेवटचा प्रश्न दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड दाखवून विचारावा. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही.

आणि या सगळ्याच्या आधीचा प्रश्न आपल्या घरातला. रक्त पडते आहे का? पडत असेल तर मूळव्याध असे आपणच नाव ठेवू नका. बोटाने तपासून घ्या. दोन मिनिटे लागतात.

ऑपरेशनाला आता दोन वर्षे उलटली. ओढ्याकाठच्या तुकड्यात या साली मालकांनी स्वतः उभे राहून उसाची लागण करून घेतली. बांधावर आडोशाला त्यांनी एक पत्र्याचा संडास बांधला आहे, घाई झाली तर घरापर्यंत पळायला नको म्हणून. येणाऱ्या-जाणाऱ्याने विचारले की तो कशाला, ते आता न लाजता सांगतात.